फॉस्फेटची बेटं: रॉयल्टी नंतर बघा, आधी भाव बघा

प्रश्न एम.ए.ची प्रबंधिका लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: "नौरू आणि बनाबा (ओशन आयलंड) या प्रशांत महासागरातल्या बेटांवरून स्वातंत्र्यापूर्वी फॉस्फेट (खतासाठी लागणारं खनिज) काढलं गेलं, हे खरं. पण बेटवासीयांना दर टनामागे रॉयल्टी मिळत होती, शाळा-दवाखाने चालत होते. नौरू तर वसाहतसुद्धा नव्हतं. आधी राष्ट्रसंघाचा मँडेट (दुसऱ्या देशाकडे कारभारासाठी सोपवलेला प्रदेश) आणि नंतर संयुक्त राष्ट्रांचा विश्वस्त प्रदेश होतं. मग याला लूट म्हणणं कितपत योग्य?"

खाणपट्ट्यांचं मूल्यांकन करणं आणि खाण बंद करायचे आराखडे तपासणं हे माझं अनेक वर्षांचं काम. त्यामुळे उत्तर त्याच बाजूनं देतो. माझं मत स्पष्ट आहे: ही लूटच होती. मात्र ती रॉयल्टीच्या रकान्यात शोधायला गेलात तर अर्धीच सापडेल. उरलेली भावाच्या रकान्यात आहे. खनिज काढणारा, विकत घेणारा, त्याचा भाव ठरवणारा आणि त्या जागेवर राज्य करणारा असे चारही एकच असतील, तर रॉयल्टी वाढली की कमी झाली या चर्चेला फारसा अर्थ उरत नाही.

सुरुवात सिडनीतल्या एका कचेरीत होते. पॅसिफिक आयलंड्स कंपनीच्या तिथल्या कार्यालयात नौरूहून आणलेला एक दगड दाराला अडसर म्हणून ठेवलेला होता. लाकडाचा दगड झालेला असावा, अशी समजूत होती. १८९९ मध्ये आल्बर्ट एलिस या तरुण कर्मचाऱ्याला शंका आली. त्यानं दगड तपासला, तर तो अत्यंत उच्च प्रतीचा फॉस्फेट निघाला. नौरू तेव्हा जर्मनीकडे होतं. १८८६ मध्ये ब्रिटन आणि जर्मनीनं पश्चिम प्रशांत महासागर आपसांत वाटून घेतला होता आणि १८८८ मध्ये जर्मनीनं तिथे झेंडा लावला होता. पण साधारण ३०० किलोमीटर पूर्वेला बनाबा हे जेमतेम ६ चौरस किलोमीटरचं बेट होतं आणि ते अजून कुणाच्याच नावावर नव्हतं. ३ मे १९०० रोजी एलिस तिथे उतरला आणि त्याच दिवशी करार झाला.

तो करार माझ्या क्षेत्रातल्या प्रत्येकानं एकदा तरी वाचावा. मुदत ९९९ वर्षं. हक्क बेटावरचं सगळं फॉस्फेट काढून नेण्याचा. मोबदला वर्षाला ५० पौंड, आणि तेही रोख द्यायचं बंधन नाही: "किंवा तेवढ्या किमतीचा माल", आणि त्या मालाची किंमत गिल्बर्ट बेटांवर चालू असलेल्या दरानं. म्हणजे मोबदला देणाराच मालाचाही व्यापारी. सहीच्या जागी फुल्या आहेत. टेमाटे नावाच्या ज्या माणसाला कागदावर "बेटाचा राजा" म्हटलंय, त्याला इतरांच्या जमिनी देण्याचा अधिकारच नव्हता. बनाबात जमीन व्यक्तीच्या मालकीची असे. पुरुषांची असे, बायकांचीही असे, आणि प्रत्येक तुकड्याची हद्द ठरलेली असे. आपल्या गावात पाटलानं सही केली म्हणून सगळ्या खातेदारांच्या जमिनी गेल्या, असं कुणी म्हटलं तर कुठलाही तलाठी कागद परत फेकेल. इथे मात्र त्याच कागदाच्या जोरावर कंपनीनं ब्रिटिश सरकारकडे परवाना मागितला आणि १९०१ मध्ये सरकारनं बेट ताब्यात घेतलं.

९९९ वर्षांचे ५० पौंडांप्रमाणे होतात ४९,९५० पौंड. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मराठी वाचकांना जवळचा वाटेल असा एक दुवा इथे आहे. या कंपनीचे, आणि १९०२ मध्ये तिच्या जागी आलेल्या पॅसिफिक फॉस्फेट कंपनीचेही अध्यक्ष होते लॉर्ड स्टॅनमोर. हे म्हणजे पूर्वीचे सर आर्थर गॉर्डन, फिजीचे गव्हर्नर. १८७९ पासून भारतातून गिरमिटिया मजूर फिजीच्या उसाच्या मळ्यांत नेण्याची व्यवस्था त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाली. आधी राज्यकर्ता म्हणून प्रशांत महासागरात मजूर आणणारा आणि नंतर कंपनीचा अध्यक्ष म्हणून तिथली जमीन नेणारा माणूस एकच. प्रशासन आणि कंपनी यांच्यात भिंत होती असं मानून प्रबंधिका लिहायला बसू नका. बनाबावर तर १९०८ मध्ये गिल्बर्ट आणि एलिस बेटांच्या ब्रिटिश प्रशासनाचं मुख्यालयच तारावाहून हलवून आणलं गेलं. साहेबाची कचेरी खाणीच्या शेजारी आली.

आता खाणीकडे वळू, कारण नुकसान नेमकं काय झालं हे जमीन समजल्याशिवाय कळत नाही. ही बेटं म्हणजे समुद्रातून वर आलेले प्रवाळांचे चौथरे. चुनखडक झिजून त्याचे उंच, टोकदार सुळके तयार झालेले आणि त्या सुळक्यांमधल्या खळग्यांत फॉस्फेट भरलेलं. वरून बघितलं तर सपाट, झाडीची जमीन. सुळके पोटात लपलेले. खाणकाम म्हणजे वरची माती आणि झाडं काढायची, मग खळग्यांतलं फॉस्फेट उपसायचं. सुरुवातीला टिकाव-फावडी, टोपल्या आणि छोट्या रुळांवरचे डबे. पुढे यंत्रांचे पंजे. उपसून झालं की सुळके उघडे पडतात, कुठे कुठे दोन-तीन मजले उंच. त्यावर घर बांधता येत नाही, नांगर चालत नाही, धड चालतासुद्धा येत नाही. आपल्याकडच्या उघड्या खाणीत निदान खड्डा राहतो. तो भरता येतो, त्यात पाणी साठवता येतं. इथे खड्डाही धड नाही. नौरू २१ चौरस किलोमीटरचं, आणि त्यातला सुमारे ८० टक्के भाग असाच. माणसं राहतात ती किनाऱ्याच्या अरुंद पट्टीत.

बनाबाला याहून एक मोठा घाव बसला. त्या बेटावर नदी नाही, झरा नाही, आणि काही वर्षांनी कडक दुष्काळ पडतो. जमिनीखाली गुहा होत्या, त्यांना तिथले लोक बांगाबांगा म्हणतात. दुष्काळात त्या गुहांमध्ये पाझरलेलं पाणी करवंट्यांतून वर आणलं जाई, आणि तिथे उतरायचा मान फक्त बायकांचा. हे पाणी ज्या खडकातून झिरपत होतं, त्याच्याच वरचा थर खाणीनं खरवडून नेला. कुठल्याही करारात या पाण्याची किंमत लावलेली नाही.

बंदर तर कुठेच नव्हतं. प्रवाळाची कड संपली की समुद्र एकदम खोल. जहाजं बाहेर खोल पाण्यात बांधून ठेवायची आणि माल छोट्या होड्यांनी लाटांतून न्यायचा. १९३० मध्ये नौरूवर समुद्रावर झुकणारा कॅन्टिलिव्हर (एकाच टोकाला आधार असलेला लांब सांगाडा) उभा राहिला आणि माल थेट जहाजात पडू लागला. अभियांत्रिकी म्हणून काम उत्तम होतं, हे मी मोकळेपणानं म्हणतो. मजूर बहुतेक बाहेरचे: चिनी, गिल्बर्ट-एलिस बेटांवरचे, कॅरोलाइन बेटांवरचे, बनाबावर जपानीसुद्धा. नौरूच्या लोकांनी खाणीत मजुरी करायला फारसा उत्साह दाखवला नाही, आणि यावरून त्यांना आळशी ठरवणारे अहवाल तुम्हाला वाचायला मिळतील. आपलीच जमीन खणायला कुणी आनंदानं का जावं, हा प्रश्न त्या अहवालांत नसतो.

नौरूवर खाणकाम १९०६ मध्ये सुरू झालं, जर्मन परवानगीनं पण ब्रिटिश कंपनीकडून. जमीनमालकाला टनाला अर्धा पेनी मिळायचा.

पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर १९१४ मध्ये ऑस्ट्रेलियन सैन्यानं नौरू घेतलं. पॅरिसच्या शांतता परिषदेत ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान बिली ह्यूज यांना ते सरळ ऑस्ट्रेलियाला जोडून हवं होतं; न्यूझीलंडचाही डोळा होताच. या दोन्ही देशांची गव्हाची शेतं आणि मेंढ्यांची कुरणं स्फुरदाला (फॉस्फरसला) भुकेली होती. खडकातल्या फॉस्फेटवर गंधकाम्लाची प्रक्रिया केली की सुपरफॉस्फेट होतं. आपला शेतकरी ज्या खताला एसएसपी म्हणतो, तेच हे.

इथून पुढचा कागद तुमच्या प्रबंधिकेचा कणा आहे: २ जुलै १९१९ चा नौरू आयलंड करार. करणारे तिघे, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. नौरूचा कुणीही नाही. मँडेटवर शिक्कामोर्तब व्हायच्या जवळपास दीड वर्ष आधी या तिघांनी वाटणी करून टाकली होती: ४२ टक्के ब्रिटन, ४२ ऑस्ट्रेलिया, १६ न्यूझीलंड. खाणकामासाठी तीन देशांचे तीन कमिशनर, म्हणून नाव ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स. न्यूझीलंडचा कमिशनर कोण? तोच आल्बर्ट एलिस, आणि तो १९५१ मध्ये मरेपर्यंत त्या पदावर होता. फुल्यांच्या करारापासून विश्वस्त परिषदेपर्यंत तोच एक माणूस.

जुन्या कंपनीला तिच्या हक्कांपोटी तिन्ही सरकारांनी सुमारे ३५ लाख पौंड दिले. आता तो ४९,९५० चा आकडा आठवा. बनाबाचे ९९९ वर्षांचे हक्क ज्या हिशेबानं घेतले, तेच नौरूच्या हक्कांसह २० वर्षांनी विकताना असा भाव लागला. बेटांवरच्या माणसांचा त्या ३५ लाखांत एक पेनीही वाटा नव्हता.

आणि त्यानंतरचं कलम तर याहून महत्त्वाचं. कमिशनर्सनी फॉस्फेट तिन्ही देशांच्या शेतीसाठी असं विकायचं की खाणीचा खर्च, व्यवस्थापन, प्रशासनाला द्यायचा वाटा, भांडवलावरचं व्याज आणि कर्जफेड एवढं सुटलं म्हणजे झालं. म्हणजे जवळपास खर्चाच्याच भावात. नफा दाखवायचाच नाही. बाहेरच्या जगात त्याच प्रतीच्या खडकाला खूप जास्त भाव होता. तो फरक कमिशनर्सच्या ताळेबंदात कुठेच दिसत नाही, कारण तो आधीच ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शेतकऱ्याच्या स्वस्त खताच्या पोत्यात गेलेला असतो. आजच्या कर-कायद्यात एकाच समूहातल्या दोन कंपन्यांनी आपसांत असा भाव लावला तर खाते तपासणारा अधिकारी पहिला प्रश्न त्यावरच विचारेल. आपल्याकडे बहुतेक खनिजांची रॉयल्टी सरासरी विक्री किमतीच्या टक्क्यांत असते, ती याच कारणानं: भाव वाढला की मालकाचा वाटा वाढावा. नौरूत रॉयल्टी टनामागे ठरावीक पेन्समध्ये होती, आणि भाव मुद्दाम दाबलेला होता. नफाच नाही, तर वाढीव वाटा मागणार कशाच्या आधारावर? १९२१ मध्ये मालकाला २ पेन्स आणि निधीत १ पेनी, १९२७ मध्ये सगळं मिळून साडेसात पेन्स. हे आकडे वाढताना दिसतात, पण कशाच्या तुलनेत वाढले हे कुणी सांगत नाही.

करारात असंही ठरलं होतं की बेटाच्या प्रशासनाचा सगळा खर्च फॉस्फेटच्या विक्रीतूनच करायचा. म्हणजे तुम्ही ज्या शाळा-दवाखान्यांचा उल्लेख केलात, त्यांचे पैसे नौरूच्याच जमिनीतून आले. दान म्हणून त्यांची नोंद करू नका. आणि तिन्ही सरकारांनी कमिशनर्सच्या कारभारात ढवळाढवळ करायची नाही, हेही एका कलमात आहे. मँडेटचा प्रशासक, ज्याच्या हाती कायदा करणं, राबवणं आणि न्याय देणं हे तिन्ही अधिकार होते, तो खाणीपुढे मात्र हात बांधून उभा. राष्ट्रसंघाच्या मँडेट आयोगात यावर प्रश्न उठले. ब्रिटिश संसदेतही १९२० मध्ये विरोध झाला आणि करार राष्ट्रसंघाच्या सनदेतल्या कलम २२ च्या अधीन असेल असे शब्द घातले गेले. कलम २२ म्हणजे "पवित्र विश्वस्त जबाबदारी"चं कलम. शब्द घातले, भाव तोच राहिला.

नौरू वसाहत नव्हतं, या तुमच्या मुद्द्याचं उत्तर यातच आलं. कायद्यानं ते वसाहतीपेक्षा वरच्या दर्जाचं होतं. तोच दर्जा पुढे आंतरराष्ट्रीय न्यायालयात नौरूच्या कामी आला, आणि बनाबाला तो नसल्यामुळे बनाबाचं नुकसान झालं.

बनाबाची गोष्ट जास्त कठोर आहे. १९१३ च्या करारानं टनाला ६ पेन्स ठरले, पण ते मुख्यतः निधीत जात, सरकारच्या देखरेखीखाली. १९२० च्या दशकाच्या शेवटी कमिशनर्सना आणखी जमीन हवी होती. बनाबन लोकांनी नाही म्हटलं. तेव्हा १९२८ मध्ये सक्तीनं जमीन घेण्याचा कायदा केला गेला. त्या वर्षी ५ ऑगस्टला रेसिडेंट कमिशनर, म्हणजे तिथले ब्रिटिश प्रशासनप्रमुख, आर्थर ग्रिंबल यांनी बुआकोनिकाई गावच्या लोकांना त्यांच्याच भाषेत पत्र लिहिलं. सही केलीत तर बरं. नाही केलीत तर जमीन तरीही जाईल, आणि तुमच्या गावाचं काय होईल ते सांगता येत नाही, असा त्याचा सूर आहे. १९३१ मध्ये सुमारे १५० एकर जमीन घेतलीच. भूसंपादनाच्या नोटिसा मी पुष्कळ वाचल्या आहेत. कोरड्या असतात, निर्दय असतात. पण सरकारी अधिकाऱ्यानं अख्ख्या गावाला जगण्या-मरण्याची निवड समोर ठेवल्याचं दुसरं पत्र माझ्या वाचनात नाही.

मग दुसरं महायुद्ध. १९४२ मध्ये जपाननं दोन्ही बेटं घेतली. नौरूच्या १२०० माणसांना ट्रक नावाच्या बेटांवर नेलं. ३१ जानेवारी १९४६ ला परतली ती ७३७. बनाबाच्या लोकांना नौरू, तारावा आणि कोस्राएला पांगवलं. जे सुमारे १५० तरुण बनाबावर ठेवले होते, त्यांना जपानच्या शरणागतीनंतर तिथल्या जपानी तुकडीनं मारून टाकलं. एकच जण वाचला.

यातून जगलेल्या बनाबनांना ब्रिटिशांनी गोळा केलं, पण घरी नेलं नाही. युद्धात बेट राहण्यालायक उरलं नाही, हे कारण सांगितलं. १५ डिसेंबर १९४५ ला ७०३ बनाबन आणि ३०० गिल्बर्टी लोक फिजीतल्या राबी बेटावर उतरवले गेले. राबी विकत घेतलं होतं १९४२ मध्ये, लिव्हर कंपनीकडून, २५,००० पौंडांना, आणि पैसे बनाबनांच्याच निधीतले. विषुववृत्ताजवळची माणसं ऐन वादळांच्या मोसमात लष्करी तंबूंत. बेट रिकामं झालं, आणि खाणकाम लगेच पुन्हा सुरू झालं. १९४७ मध्ये उरलेल्या जमिनीचा करार झाला तेव्हा बनाबनांच्या बाजूनं स्वतंत्र सल्लागार नव्हता. पुढे उत्पन्नाची वाटणीही अशी झाली की वसाहतीच्या तिजोरीत ८५ टक्के आणि जमिनीच्या मालकांना १५.

राबीच्या लोकांनी, रोटन टिटो यांच्या नेतृत्वाखाली, लंडनच्या उच्च न्यायालयात ब्रिटिश सरकारला खेचलं. न्यायमूर्ती मेगारी स्वतः बनाबाला जाऊन सुळके बघून आले. १९७६ च्या शेवटी निकाल आला. सरकारनं बनाबनांना वाईट वागवलं, हे निकालात स्वच्छ आहे. पण सरकारची जबाबदारी राज्यकारभाराची होती, न्यायालयातून वसूल करता येईल अशी विश्वस्ताची नव्हती, असं ठरलं. १९१३ च्या करारात खणलेल्या जमिनीवर पुन्हा नारळ आणि इतर झाडं लावायची अट होती. ती पाळली नाही हे मान्य झालं, आणि भरपाई लागली एकरी ७५ ऑस्ट्रेलियन डॉलर. माझ्या कामाच्या दृष्टीनं यात शिकण्यासारखं खूप आहे. पुनर्लागवडीची अट लिहिली, पण माती कुठून आणायची, पैसे आधी कुठे ठेवायचे, कधीपर्यंत लावायचं, काहीच लिहिलं नाही. आपल्याकडे खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठीची आर्थिक हमी २००३ मध्ये सक्तीची झाली. हमीच्या पैशांविना अशी अट कागदावरच राहते. तिन्ही सरकारांनी पुढे १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देऊ केले, तेही दायित्व न मानता. बनाबनांनी ते १९८१ मध्ये स्वीकारले.

नौरूनं वेगळी वाट धरली. तिथे हॅमर डिरोबर्ट हा हिशेब कळणारा नेता होता. १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियानं सगळ्या नौरूवासीयांना क्वीन्सलंडजवळच्या कर्टिस बेटावर वसवायचा प्रस्ताव दिला. सार्वभौमत्व मिळणार नव्हतं, म्हणून १९६४ मध्ये नौरूनं तो नाकारला. १९६७ च्या वाटाघाटींत फॉस्फेटचा भाव टनाला ११ डॉलर ठरला आणि खाणीची यंत्रसामग्री नौरूनं २.१ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरना विकत घेतली. आपल्याच बेटावरची खाण सोडवून घ्यायलाही पैसे मोजावे लागले. स्वातंत्र्य ३१ जानेवारी १९६८ ला, ट्रक बेटांवरून परतल्याच्याच तारखेला. तोवर सुमारे एक तृतीयांश जमीन खणून झाली होती. त्या भागाच्या पुनर्वसनासाठी श्रीलंकेचे ख्रिस्तोफर वीरमंत्री यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला, १९८९ मध्ये नौरूनं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला, १९९२ मध्ये न्यायालयानं ऑस्ट्रेलियाचे बहुतेक प्राथमिक आक्षेप फेटाळले, आणि १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियानं १०.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड केली. ब्रिटन आणि न्यूझीलंडनं त्यात प्रत्येकी १.२ कोटी घातले.

परीक्षक तुम्हाला हमखास विचारतील की उरलेली जमीन तर नौरूनं स्वतःच खणली आणि पैसेही उधळले, त्याचं काय. खरं आहे, आणि ते लपवू नका. ओडिशातलं पारादीप फॉस्फेट्स १९८१ मध्ये भारत सरकार आणि नौरू यांच्या भागीदारीतच उभं राहिलं होतं. तेव्हा त्या छोट्या देशाकडे जगभर गुंतवायला पैसा होता, आणि त्यातला बराचसा पुढे राहिला नाही. पण हेगच्या दाव्यात नौरूनं मागितली ती फक्त १९६८ पूर्वीच्या जमिनीची भरपाई. दोन हिशेब वेगळे ठेवा.

कालखंड ठरवताना एक काळजी घ्या. नौरूसाठी १९६८ ही रेषा बरोबर आहे. बनाबासाठी १९७९ ही रेषा तशीच लावू नका. त्या वर्षी खाण संपली आणि त्याच वर्षी १२ जुलैला किरिबाटी (पूर्वीची गिल्बर्ट बेटं) स्वतंत्र झाला, बनाबा त्यात गेलं. बनाबनांनी वेगळं होण्याची मागणी केली होती, ती मान्य झाली नाही. त्याऐवजी किरिबाटीच्या राज्यघटनेत त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण आलं: बनाबावरचे त्यांचे जमिनीचे हक्क, आणि फिजीत राहणाऱ्या राबीच्या लोकांचा किरिबाटीच्या संसदेत एक प्रतिनिधी. ते प्रकरण १९०० च्या फुल्यांच्या करारासोबत वाचा. तुमच्या शेवटच्या विभागाला लागणारी सामग्री त्यात आहे.